८४० किलोमीटर आणि दुर्वांची जुडी

एप्रिल उजाडला की बंगळूरच्या मराठी घरांत एकच विषय सुरू होतो. 'तिकडे' कधी निघायचे? तिकडे म्हणजे कुणाचे पुणे, कुणाचे सातारा, कुणाचे सांगली-कोल्हापूर. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, आंब्याच्या पेट्यांची वर्णने फोनवरून ऐकू येत असतात आणि जयनगरपासून मल्लेश्वरमपर्यंत बॅगा माळ्यावरून खाली उतरत असतात. आमच्या घरी यंदा या नेहमीच्या प्रश्नाला एक शेपूट चिकटले होते, तेही बिनशेपटीच्या प्राण्याचे. आमची लेक म्हणाली, "बेल्लाचे काय करायचे?"

बेल्ला म्हणजे आमच्याकडची गिनी पिग. रंगाने गुळासारखी, वजनाने एक किलोला जरा कमी. चार वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आठवड्यात दोघी बहिणी आमच्याकडे आल्या. कर्नाटकात संक्रांतीला तिळगुळाऐवजी 'एळ्ळु-बेल्ल' देतात. तीळ, गुळाचे खडे, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप आणि वर उसाचे कांडे. तळमजल्यावरच्या अज्जी ते ताट घेऊन वर आल्या, त्यांनी खोक्यात डोकावून पाहिले आणि तिथल्या तिथे बारसे उरकून टाकले. काळ्या ठिपक्यांची ती एळ्ळू, तपकिरी ती बेल्ला.

एळ्ळू गेल्या श्रावणात दातांच्या दुखण्याने गेली. हा प्राणी कळपात राहणारा आहे. एकटा ठेवला की तो कोमेजतो. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून असा कायदाच आहे की, कळपात राहणारे असे प्राणी एकेकटे पाळायचे नाहीत. एळ्ळू गेल्यावर बेल्लाने सगळा जीव आमच्या लेकीला लावला. फ्रीजचे दार उघडल्याचा आवाज आला की शिट्टी वाजवल्यासारखी ओरडणार आणि लेक शाळेतून आली की जागच्या जागी लाह्या फुटल्यासारख्या उड्या मारणार. अशा जिवाला महिनाभर कुणाकडे सोपवणार? शहरात पाळीव प्राण्यांची वसतिगृहे आहेत, पण ती बहुतेक कुत्र्यांची. जिथे रात्रभर दहा कुत्री भुंकताहेत तिथे सशापेक्षाही भित्रा प्राणी ठेवणे म्हणजे त्याला शिक्षाच. अज्जींनी तयारी दाखवली होती, पण त्यांचे वय ऐंशीच्या घरात आणि गुडघे कुरकुरणारे.

मग न्यायची तर कशाने? रेल्वेचे नियम कुत्र्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेले. पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ठेवा. विमान कंपन्यांनी अलीकडे दारे किलकिली केली आहेत, तीही कुत्र्या-मांजरांनाच. राहता राहिली आपली मोटार. बंगळूर ते पुणे, जुना चार नंबरचा आणि आताचा अठ्ठेचाळीस नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, ८४० किलोमीटर.

या प्राण्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण प्रवासातल्या सगळ्या अडचणी त्याच्या शरीरातच दडलेल्या आहेत. त्याच्या नावात दोन शब्द आणि दोन्ही खोटे. तो गिनी देशातला नाही आणि डुकराच्या जातीचा तर मुळीच नाही. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी तो पाळला, तोही खाण्यासाठी. पेरूमध्ये आजही त्याची मेजवानी होते. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून तो युरोपात गेला आणि तिथे मात्र श्रीमंतांच्या दिवाणखान्यात बसला. पुढे शास्त्रज्ञांनी त्याला प्रयोगशाळेत नेले. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू ओळखला, तेव्हा त्याच्या प्रयोगांत हाच प्राणी होता. आपल्याकडेही मद्रासच्या क्षयरोग उपचार केंद्रात १९५६ नंतर जे मोठे संशोधन झाले, त्यात दक्षिण भारतातल्या रुग्णांचे जंतू आणि ब्रिटनमधल्या रुग्णांचे जंतू यांचा जोर गिनी पिगवरच तपासला गेला. एखाद्याला 'गिनी पिग बनवणे' हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. घरात एक पाळल्यापासून माझ्या तोंडून तो निघेनासा झाला आहे.

१९०७ मध्ये नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघांना आढळले की नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनी पिगला माणसासारखाच स्कर्व्ही होतो. कुत्रा, मांजर, गाय आपले क जीवनसत्त्व शरीरातच तयार करतात. माणसाला आणि या प्राण्याला ते जमत नाही. म्हणून आमच्या बेल्लाला रोज ढोबळी मिरचीची एक फोड, कधी पेरू, कधी आवळ्याचा कीस लागतो. घरातली बाकीची माणसे इतके नेमाने आवळा खातील तर काय हवे!

आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, याचे पोट सतत चालते राहिले पाहिजे. दात आयुष्यभर वाढत असतात आणि आतडी गवताच्या धाग्यांवर चालतात. बारा तास खाणे बंद पडले तर काळजी, चोवीस तास पडले तर जिवाशी गाठ. याला उलटी होऊ शकत नाही. त्यामुळे गाडी लागली तरी कळणार एवढेच की तो खात नाही. दुसरी गोष्ट उन्हाची. याला घाम येत नाही. अठरा ते चोवीस अंशांत तो मजेत असतो, सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर गेला की उष्माघाताची भीती. तिसरी गोष्ट मला सगळ्यात अवघड वाटली. हा शिकार होणाऱ्या जातीचा प्राणी. दुखले-खुपले तरी तो लपवतो, कारण रानात जो लंगडतो त्याला आधी उचलतात. "तो शांत बसलाय म्हणजे बरा आहे, असे समजू नका," त्या म्हणाल्या, "तो खातोय की नाही ते पाहा, लेंड्या मोजा आणि वजन करा." निघताना बेल्लाचे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९४० ग्रॅम भरले. लेकीने ते वहीत लिहिले.

तयारीला आम्ही तीन आठवडे घेतले. झोळी किंवा कापडी पिशवी नको, कडक प्लॅस्टिकचा, तीन बाजूंनी जाळीचा डबा हवा. तो सीटवर ठेवण्याऐवजी पुढच्या सीटमागच्या पायाशी ठेवायचा. तिथे तो घसरत नाही, ऊन पोचत नाही आणि प्राण्याला अंधार मिळतो. खाली जाड फडके, त्यावर गवताचा ढीग, ज्यात तिला अंग लपवता येईल. पाण्याची बाटली चालत्या गाडीत ठिबकत राहते आणि अंथरूण ओले होते. त्यापेक्षा काकडीचे जाड काप द्यावेत आणि दर थांब्यावर बाटली लावावी. वातानुकूलन चालू ठेवायचे, पण त्याचा झोत थेट डब्यावर नको. आत एक छोटा तापमापक आम्ही चिकटवला. हे सगळे एकदम पुण्याच्या वाटेवर करून पाहण्यात अर्थ नव्हता, म्हणून तालीम झाली. पहिल्या रविवारी लालबागेभोवती एक फेरी, दुसऱ्या रविवारी कनकपुरा रस्त्यावर तासभर, तिसऱ्या रविवारी थेट रामनगर. 'शोले'चे खडक पाहायला लोक तिथे जातात. आम्ही एका झाडाखाली गाडी लावून बेल्ला कोथिंबीर खाते का, ते पाहत बसलो होतो. तिने खाल्ली.

उरला गवताचा प्रश्न. परदेशी वाळलेल्या गवताच्या पिशव्या शहरात मिळतात, पण महागड्या आणि बेल्लाला त्यांचे फारसे कौतुक नाही. तिला आवडतात दुर्वा. कन्नडमध्ये गरिके. गांधी बाजारात फुलवाल्यांच्या रांगेत केळीच्या पानावर दुर्वांच्या जुड्या मांडलेल्या असतात. बसवनगुडीतला दोड्ड गणपती जवळच, त्यामुळे बारा महिने खप. मी प्रत्येक वेळी दहा-पंधरा जुड्या घेते म्हणून तिथली फुलवाली मला फार मोठी गणेशभक्त समजते. आमचे 'हे' एकदा तिला खरे सांगायला निघाले होते, मी त्यांना चिमटा काढला. गणपतीला उंदीर चालतो, तर त्याच्या दूरच्या चुलतभावाला दुर्वा का चालू नयेत?

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, पहाटे चारला आम्ही जयनगर सोडले. त्या वेळी बाहेर तेवीस अंश. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे, म्हणून इथला उन्हाळा एके काळी कौतुकाचा विषय होता. जुने लोक सांगतात, घरात पंखे नसायचे. पण एप्रिल २०१६ मध्ये याच शहरात पारा ३९.२ ला टेकला होता. पंख्यांच्या जोडीला आता वातानुकूलन आले आहे.

यशवंतपूर, पीण्या, नेलमंगल. मालमोटारींच्या लाल दिव्यांमागून शहर संपता संपत नाही. तुमकूरला साडेपाच वाजता पहिला थांबा. बेल्लाने दोन-चार दुर्वा कुरतडल्या, काकडीला तोंड लावले. लेकीने वहीत नोंद केली. तुमकूरनंतर रस्ता मोकळा होतो आणि जमीन कोरडी होत जाते. शिरा गाव येते. एके काळी मोगलांच्या सुभ्याचे ठिकाण, आज महामार्गावरून बसस्टँड तेवढा दिसतो. हिरियूरच्या अलीकडे उजाडले. लांबवर टेकड्यांच्या रांगेवर पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसू लागली म्हणजे चित्रदुर्ग आले समजावे. गडाच्या सात तटांच्या आत ओनके ओबव्वाची खिंड आहे. हैदर अलीचे सैनिक कपारीतून एकेक करून आत शिरत असताना या पहारेकऱ्याच्या बायकोने हातातल्या मुसळाने त्यांना लोळवले, असे सांगतात. दर प्रवासात आम्ही म्हणतो, पुढच्या वेळी गड चढू. या वेळी तर प्रश्नच नव्हता. उभ्या गाडीत बंद काचांमागे प्राणी ठेवून पाच मिनिटेही जायचे नाही, हा आमचा नियम.

दावणगेरेला साडेआठ. इथला बेण्णे दोसे, म्हणजे लोण्यातला डोसा, न खाता पुढे जाणे पाप. तो आम्ही पाळीपाळीने खाल्ला. दोघे आत, एक जण चालू गाडीत बेल्लापाशी. माझ्या पाळीला डोसा थोडा थंड मिळाला, पण लोणी होतेच. याच जिल्ह्यात चन्नगिरीजवळ होदिगेरे नावाचे खेडे आहे. १६६४ मध्ये शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले ते तिथे. त्यांची समाधी तिथे आहे. बंगळूरची जहागीर १६३८ पासून त्यांच्याकडे होती. म्हणजे बंगळूर-पुणे ही ये-जा मराठी माणसाने आपल्या कितीतरी आधी सुरू केली. त्यांना मात्र डब्यातल्या तापमानाची नोंद ठेवावी लागत नसावी.

आमच्या नोंदीत एक गोष्ट मला खटकू लागली होती. तुमकूरनंतर 'खाल्ले' असा शेरा नव्हता. हिरियूरला नाही, चित्रदुर्गाला नाही, दावणगेरेलाही नाही. ती गवतात अंग चोरून, डोळे उघडे ठेवून बसली होती. डोसा खाऊन झाल्यावर लेकीने कोथिंबिरीची काडी पुढे धरली. बेल्लाने मान वळवली. फ्रीजच्या दाराच्या आवाजाला घर डोक्यावर घेणारी ही, आणि कोथिंबिरीला नाही म्हणते! लेक काही बोलली नाही. एळ्ळूचेही असेच सुरू झाले होते, हे आम्हा तिघांनाही आठवत होते.

धारवाडला मावससासूबाईंकडे मुक्काम होता. साडेबाराला पोचू, असा हिशेब. राणेबेन्नूर गेले आणि हावेरीच्या अलीकडे गाड्या थांबल्या. पुढे एक मालमोटार रस्त्यावर आडवी झाली होती. सुदैवाने माणसे वाचली, पण दोन्ही बाजूंना मैलभर रांग. वेळ अकरा वीस. बाहेर अडतीस अंश. एप्रिलच्या अखेरीस या भागात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो इथे त्याच सुमारास असतो. शेजारी एवढ्या उंच मालमोटारी उभ्या होत्या, पण त्यांची सावली त्यांच्या पोटाखालीच. ड्रायव्हर लोक चाकांमध्ये चटया टाकून आडवे झाले. पुढच्या गाडीत ब्याडगी मिरचीची पोती होती. सगळी रांग शिंकत होती. काचा उघडायची सोय नाही.

उभ्या गाडीचे वातानुकूलन हळूहळू थकते. तापमापक पंचवीसवर होता, तो सव्वीस झाला, साडेसव्वीस झाला. आम्ही गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. त्या टॉवेलात गुंडाळून डब्याच्या बाजूंना लावल्या. काचांना ओढण्या अडकवल्या. पाऊण तास गेला. आकडा सत्तावीस. मागच्या मालमोटारीचा ड्रायव्हर उतरून आमच्या ओढण्या पाहत आला. गाडीवर कोल्हापूरचा नंबर.

"ताई, आत ल्हान पोरगं हाय व्हय?"

लेकीने काच चार बोटे खाली करून डबा दाखवला. तो वाकून बघत राहिला.

"उंदीर?"

"गिनी पिग आहे काका. तिला ऊन सोसत नाही."

मला वाटले, आता हसणार. तो काही न बोलता मागे गेला आणि दोन गोणपाटे घेऊन आला. आपल्या कॅनमधले पाणी त्यावर ओतले आणि एक टपावर, एक समोरच्या काचेवर पसरले. "आमच्या घरला म्हस हाय," तो म्हणाला, "उन्हाळ्यात तिच्यावर असंच टाकतो. ओलं ऱ्हायलं पायजे, सुकलं की पुन्यांदा मारा पानी." मग त्याने विचारले, ही खाते काय? दुर्वा म्हटल्यावर मात्र तो मोकळेपणाने हसला.

दोन तासांनी रांग हलली. आकडा सत्तावीसच्या वर गेला नाही. पण दीड वाजला होता आणि तुमकूरला साडेपाचला चघळलेल्या त्या चार काड्यांनंतर पोटात काही नव्हते. आठ तास. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आता गाडीत तिला वारंवार हात लावू नका, भरवायचा आटापिटा करू नका, मुक्कामी पोचा, अंधारी शांत खोली द्या, तासभर वाट पाहा. तरी खाल्ले नाही तर बरोबर दिलेल्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून त्याची पातळ पेज बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या बाजूने थोडी थोडी द्या. हावेरी, शिग्गाव, हुबळी हा एरवी गप्पांत सरणारा रस्ता आम्ही न बोलता कापला. हुबळीच्या बाहेरच्या वळणरस्त्यावर लेकीने हळूच विचारले, "आपण तिला आणायला नको होते का?" तिच्या वडिलांनी आरशातून पाहिले आणि म्हणाले, "घरी ठेवली असती तर हे आपल्याला दिसलेही नसते."

धारवाड म्हणजे पावसाळी हवेचे गाव. एप्रिलातही दुपार कलली की वारा सुटतो. मावशींचे घर जुने, कौलारू, मागे परसात विहीर आणि तुळशीवृंदावन. मराठी आणि कन्नड त्यांच्या बोलण्यात इतकी मिसळलेली की, कुठली कुठे संपते कळत नाही. त्यांनी आमच्या पुढ्यात पेढ्यांचे ताट ठेवले, पण आधी डब्याकडे पाहिले. सगळी हकीकत ऐकली आणि देवघराशेजारची अंधारी कोठीची खोली उघडून दिली. तिथे शेणाने सारवलेल्या जमिनीचा गारवा होता. डबा कॉटखाली सरकवला, दार ओढून घेतले आणि आम्ही बाहेर बसलो. तासभर काही नाही. लेक दाराला कान लावून.

साडेचारला मी पेज भिजवायला उठले. तेवढ्यात मावशी परसातून आल्या. वृंदावनाभोवती पाझरणाऱ्या पाण्यावर वाढलेल्या दुर्वा, मुळाची माती झटकलेल्या, अजून ओल्या. "बाजारच्या जुड्या दोन दिवसांच्या असतात ग," त्या म्हणाल्या, "हे ताजं दे बघू." लेकीने मूठभर दुर्वा कॉटखाली सरकवल्या आणि पुन्हा दार ओढले. पाच मिनिटे गेली असतील. मग दाराआडून तो आवाज आला. कागद बारीक बारीक फाडल्यासारखा, अखंड. गिनी पिग खातानाचा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांनाच तो कळेल. लेकीने आमच्याकडे पाहिले, तोंडावर हात ठेवला आणि मग मावशींच्या पदरात तोंड खुपसून रडली. अकरा तास झाले होते. पेज करायची वेळ आली नाही. रात्री अकरापर्यंत बेल्लाने दुर्वांचा ढीग संपवला, ढोबळी मिरची संपवली आणि फ्रीजचे दार उघडले तेव्हा कोठीच्या खोलीतून शिट्टी आली. मावशी दचकल्या. लेकीने त्यांना मुद्दाम तीनदा फ्रीज उघडायला लावला.

दुसऱ्या दिवशीचा सव्वाचारशे किलोमीटरचा रस्ता सांगण्यासारखा नाही, आणि त्यातच आनंद आहे. पहाटे निघालो. कित्तूरला राणी चन्नम्माच्या गावाची कमान अंधारातच गेली, बेळगावला कुंद्याचे दुकान उघडायचे होते, निपाणीला ऊन आले. कोगनोळीचा टोलनाका ओलांडून कागलला महाराष्ट्रात शिरलो. नाक्यावरच्या पोराने डब्यात पाहून "ससा हाय?" विचारले आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या गाडीकडे गेला. कऱ्हाड, सातारा, खंबाटकीचा बोगदा. मावशींनी ओल्या फडक्यात बांधून दिलेल्या दुर्वा दर तासाला कमी होत होत्या. वहीत प्रत्येक ओळीपुढे 'खाल्ले' होते. एका ठिकाणी 'खूप' असा शब्द जोडलेला.

पुण्यात दुपारी एकोणचाळीस अंश होते. सासूबाईंचे घर सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतीत, तळमजल्यावर. वाटेतच ठरले होते की डबा माजघरातल्या शहाबादी फरशीवर ठेवायचा. या फरशीसारखा थंडावा कुठल्याच टाइल्सना नाही. शहाबाद हे गावही कर्नाटकातलेच, तेव्हा बेल्ला एका अर्थी आपल्याच मुलुखातल्या दगडावर उतरली. काट्यावर वजन ९०५ ग्रॅम. पस्तीस ग्रॅम उतरले होते. सासूबाई आधी लांबूनच बघत होत्या. "देवघराकडे येऊ द्यायची नाही हं," एवढी एकच अट त्यांनी घातली. चौथ्या दिवशी त्या मंडईतून आल्या तेव्हा पिशवीत गणपतीसाठी एक जुडी आणि शिवाय पाच जुड्या होत्या. रोज सकाळी पूजा झाली की त्या पाटावर बसून बेल्लाला एकेक काडी भरवू लागल्या आणि ओरडली की तिला दम देऊ लागल्या. दुपारी ओले फडके डब्यावर टाकायचे कामही त्यांनी स्वतःकडे घेतले. आम्हाला त्यात फारसा शिरकाव उरला नाही.

परतताना जूनचा पहिला आठवडा होता. पावसाने कोल्हापूरपासून साथ दिली. पुन्हा धारवाडला मुक्काम, पुन्हा वृंदावनाभोवतीच्या दुर्वा. या खेपेला लेकीने मावशींच्या परसातले एक ढेकूळ मुळांसकट मागून घेतले आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात लावून बरोबर आणले. हावेरीच्या त्या वळणावर आम्ही कोल्हापूर नंबरच्या प्रत्येक मालमोटारीत डोकावून पाहिले. तो काही भेटला नाही. संध्याकाळी सातला जयनगर. अज्जी जिन्यातच उभ्या होत्या, बेल्ला कशी आहे म्हणून विचारत. लेकीने बॅगा तशाच टाकल्या आणि आधी स्वयंपाकघरातला काटा काढला. ९६० ग्रॅम.